अनामिकेवरचा लेप

बडोदे,
२७ डिसेंबर १९८८

तीर्थरूप निरुपमाआत्यास,
आनंदीचा साष्टांग नमस्कार.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली, ती आधी दुरुस्त करते. ‘लेप लावल्यावर बोटाची सूज उतरली’ असं मी लिहिलं होतं. सूज उतरलेली नाही, दुखणं उतरलंय. आणि तेही ज्यांचं बोट आहे त्यांनी मला सांगितलं. मी मात्र स्वतः पाहिल्यासारखं तुला लिहून टाकलं. काल मी ते बोट हातात घेऊन नीट पाहिलं. अनामिकेच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूला अजून फुगलेलं आहे. पूर्वी सहज जाणारी अंगठी आता मधल्या पेराच्या पुढे सरकत नाही.

पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं लिहावं, हे तात्यांनी मला शाळेत जायच्या आधीच शिकवलं. दम्यामुळे दहा वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे तात्यांची बैठक, हे तुला ठाऊकच आहे. इतक्या वर्षांनी पहिल्याच पाठात चुकले, म्हणून दोन दिवस चैन नव्हती.

आता सगळं पुन्हा लिहिते, म्हणजे तुला नीट सांगता येईल. आमच्या ओळखीतली काही मंडळी रविवारी पावागडच्या कातळांवर चढायला जातात. कातळाला बोटभर रुंदीची खाच असते. तिच्यात बोटांची टोकं वाकवून घालायची आणि अंगाचा सगळा भार त्यांवर घ्यायचा. दिवाळीनंतरच्या एका रविवारी असाच भार घेताना त्या बोटात टक् असा आवाज झाला. शेजारच्या माणसालाही तो ऐकू गेला म्हणे. तेव्हापासून दुखणं.

या मंडळींत जो तो आपापला उपाय सांगतो. कुणी लसूण घालून मोहरीचं तेल चोळतं, कुणी तुरटीच्या कोमट पाण्यात हात बुडवून बसतं, कुणी बाम. मी आजोबांचा लेप करून दिला. आंबेहळद आणि लेपगोळी सहाणेवर उगाळून, पळीत कोमट करून. लवंगेचं तेल मी माझ्या मनानं घातलं, कारण दुखणं फार होतं. आता दुखत नाही आणि चढणं सुरू आहे.

तू हाता-पायांच्या दुखण्यांचे व्यायाम घेण्यात आयुष्य काढलंस, म्हणून विचारते. असला लेप आतल्या शिरेपर्यंत पोचतो का? की वरच्यावर राहतो? मला उत्तराची भीती वाटते, पण खरं ते लिही.

तात्यांना यातलं काही ठाऊक नाही. पत्र माझ्या नावानेच पाठव.

तुझी,
आनंदी


पुणे,
३ जानेवारी १९८९

चि. आनंदीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी दुरुस्ती पोचली. सूज आणि दुखणं यांतला फरक दोन दिवस झोप घालवून कळवणारी भाची साऱ्या महाराष्ट्रात मिळायची नाही, म्हणून ती गुजरातेत ठेवली असावी.

आता आधी माझा प्रश्न. ‘ज्यांचं बोट आहे त्यांनी’, ‘ओळखीतली मंडळी’, हे काय आहे? पत्रभर त्या बोटाला नाव नाही. तू ते हातात घेऊन पाहिलंस, अंगठी घालून पाहिलीस, आणि लक्ष्मीकांतला, तुझ्या तात्यांना, कळू नये असंही म्हणतेस. मी सत्तरीला आले तरी एवढं कळतं. मुलगा गुजराती असला तर लक्ष्मीकांत आठ दिवस बोलणार नाही आणि नवव्या दिवशी त्याच्याकडून पोथी वाचून घेईल. घाबरू नकोस. नाव कळव.

लेपाचं. बाम, तेल, लेप, सगळ्यांची धाव साधारण कातडीपर्यंत. कातडी तापते किंवा गार पडते, मन तिकडे जातं, दुखणं मागे पडतं. बरं वाटतं हे खरं आहे, त्याला मी थोतांड म्हणणार नाही. पण बोट वाकवणारी जी दोरी, तिला आम्ही कंडरा म्हणतो, ती हाडाला चिकटून राहावी म्हणून बोटात जागोजाग आडवे पट्टे असतात. टक् आवाज झाला तर असला पट्टा उसवल्याचा संशय घ्यावा. उसवलेला पट्टा तेलाने शिवला जात नाही. हाताला विसावा दिला तर शरीर तो आपण होऊन सांधतं. त्याला महिने लागतात.

तरी आपला लेप लाव. मी दहा वर्षांची असताना तुमच्या घरच्या झोपाळ्याच्या कडीत माझं बोट सापडलं होतं आणि तुझ्या आजोबांच्या लेपाने ते इतकं चांगलं झालं, की पुढे चाळीस वर्षं मी त्याच हाताने लोकांचे खांदे दाबले. एरवी मी असल्या गोष्टींना मान डोलावत नाही, पण त्या लेपाला डोलावते. पद्धतीप्रमाणे लावला की गुण येतो. नेटाने चालू ठेव.

आणि त्या बोटाच्या मालकाला माझा आशीर्वाद सांग.

तुझी,
निरुपमाआत्या


बडोदे,
१६ जानेवारी १९८९

तीर्थरूप निरुपमाआत्यास,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मी हसून वाचायला हवं होतं. ते बोट आपल्या हेरंबदादाचं आहे. दादाने मला गळ्याची शपथ घातली होती की घरात आणि नात्यात कुणाला सांगायचं नाही, म्हणून नाव लिहिलं नाही. आज शपथ मोडून लिहिते आहे, कारण शनिवारी जे पाहिलं ते लपवून ठेवता येत नाही.

शनिवारी उत्तरायण होतं. इकडे त्या दिवशी सारं बडोदे गच्चीवर असतं, आणि मांज्याने कापू नये म्हणून प्रत्येकाच्या बोटांना पट्ट्या. दादाच्या अनामिकेला महिनाभर पट्टी आहे ती तात्यांना त्यामुळेच कळली नाही. ते मला म्हणालेसुद्धा, ‘हेरंबने यंदा पतंगाची तयारी आधीपासून केलेली दिसते.’

दादाची चढाईची सोबतीण नीरा पण आली होती. ती छाणीला राहते. दुपारी दादाने शेजारच्या गच्चीवरचा मोठा पतंग काटला, सगळे ओरडले, आणि नीरा एकदम म्हणाली, ‘हेरंबभाई, लोही.’ पट्टी कापून मांजा बोटात रुतला होता. रक्त मनगटापर्यंत येऊन सदऱ्याच्या बाहीत शिरलं होतं. दादा बोटाकडे दुसऱ्या कुणाचं बोट असावं तसा पाहत राहिला. मग हसला आणि म्हणाला, ‘आनंदीचा लेप आहे, कळतच नाही काही.’ सगळे हसले. नीरानेही आपल्याला थोडा मागितला, ‘मने पण थोडो आपजे ने, आनंदीबेन.’

सहा आठवड्यांत दादा तीनदा म्हणाला, ‘थोडा कडक कर.’ आणि मी तिन्ही वेळा लवंगेचं तेल वाढवलं. मांडवीजवळचा काष्ठौषधीवाला म्हणालाही होता, ‘बेन, दाताला लावायचं असेल तर एवढं नको.’ मी दाताला नाही म्हणाले आणि घेऊन आले.

रात्री मी तोच लेप माझ्या अनामिकेला लावला. तासाभराने चिमटा काढला तर कळला नाही. कातडीला जर एवढं कळत नसेल, तर आतलं उसवताना दादाला काय कळणार?

आता खरी गोष्ट. २६ जानेवारीला त्यांच्या मंडळाने पावागडच्या एका नव्या कड्यावर चढून झेंडा लावायचं ठरवलंय. मंडळाचे प्रमुख जयवंतराव म्हणून आहेत, इथल्याच अकोट्याला राहतात, फार काळजी घेणारे. त्यांनी पुढे चढायला दादाला निवडलं. पुढचा माणूस कातळात मेखा ठोकत वर जातो. त्याचा हात सुटला तर शेवटच्या मेखेपासून जेवढा वर गेला असेल तेवढाच तिच्या खालीही जातो, आणि दोर ताणतो तोपर्यंत त्याला काहीच धरत नाही. दोराचं दुसरं टोक नीराच्या कमरेला असणार. जयवंतरावांनी सगळ्यांना विचारलं होतं, कुणाला काही इजा? दादा नाही म्हणाला.

मी काय करू? एक विचार असा येतो, की न सांगता लेपातलं लवंगेचं तेल काढून टाकावं. दुखायला लागलं की तो आपणच थांबेल. पण हे फसवणं होईल, आणि त्याचा माझ्यावरचा विश्वास असा वापरावा का, हे कळत नाही. तू लिहिलंस नेटाने चालू ठेव, म्हणून अजून देते आहे. रोज सकाळी लावून देते, वाळला की तो पुसतो आणि कामाला जातो. आजोबांच्या वेळी लेपावर कामटी बांधत आणि त्या हाताने जेवू देत नसत म्हणतात. ते सोवळं मी पहिल्यापासून ठेवलं नाही. औषध ठेवावं आणि कर्मकांड गाळावं, असं तात्या नेहमी सांगत आले.

लवकर लिही. मला झोप नाही.

तुझी,
आनंदी


पुणे,
१९ जानेवारी १९८९

चि. आनंदी,

हे पत्र जास्त तिकिटं लावून जलद डाकेने पाठवते आहे. थट्टा केली ती विसर.

तुझ्या पत्राचा शेवट वाचला आणि मी खुर्चीवरून उठले. ‘पद्धतीप्रमाणे’ असं मी लिहिलं होतं. कामटी बांधल्याशिवाय आपल्या घरात कुणी लेप लावत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही आणि ‘नेटाने चालू ठेव’ म्हणून सल्ला दिला. तो सल्ला मागे घेते.

ते सोवळं नव्हतं, पोरी. माझं बोट सापडलं तेव्हा काकांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, लेप लावला, बांबूची कामटी बोटाला लावून मऊ धोतराच्या चिंधीने बांधली आणि सांगितलं, लेप लावलेल्या हाताने जेवायचं नाही, देवाला फूल वाहायचं नाही, लिहायचं नाही. काकू मला भरवायची. आखाड्यातले पैलवान यायचे, सहा सहा फुटांचे, तेही पडवीत बसून बायकोच्या हातून जेवायचे आणि आम्ही पोरं दारामागून हसायचो. डाव्या हाताने जेवण्यापेक्षा त्यांना ते बरं वाटे. लेप आपण होऊन तडकून पडला की नवा लावायचा आणि पुन्हा बांधायचं. असे दोन-अडीच महिने. नुसतं ‘हात हलवू नकोस’ म्हटलं तर पैलवान ऐकेल का? देवाचं आणि जेवणाचं नाव घेतलं की ऐकतो. काकांना हे पक्कं ठाऊक असणार.

काल रात्रभर मी हाच विचार केला. मला गुण आला तो त्या बांधलेल्या हाताचा आणि काकूच्या घासांचा. लेप सोबतीला होता. आयुष्यभर दुसऱ्यांना विसावा घ्यायला सांगितला, आणि माझ्या स्वतःच्या बोटाचं श्रेय मात्र हळदीला देत आले.

तुम्ही गाळायचं ते ठेवलंत आणि ठेवायचं ते गाळलंत. यात तुझ्याइतकाच लक्ष्मीकांतचा आणि माझा हात आहे, तेव्हा एकटीने अंगावर घेऊ नकोस.

आता काय करायचं ते. तेल गुपचूप काढू नकोस. ते फसवणं आहे हे तू म्हणतेस ते खरंच, पण त्याहून वाईट म्हणजे त्याला खोलीत बसल्या जागी कदाचित दुखणारही नाही. भार येतो तो कड्यावर. तिथे मध्यावर अचानक दुखलं तर त्याने करायचं काय? उघड सांग. लेप देणं बंद कर आणि का ते सांग. त्याने ऐकलं नाही तर जयवंतरावांना सांग, आणि नीराला तर सांगच. दोर तिच्या कमरेला आहे. तिला ठाऊक नसताना तिने तो बांधावा, हे मला बघवत नाही.

बोट पडलं तरी जाईल काय, पट्टा पुरता तुटेल, शस्त्रक्रिया होईल. मला भीती बोटाची नाही.

तुझी,
निरुपमाआत्या


बडोदे,
२२ जानेवारी १९८९

तीर्थरूप निरुपमाआत्यास,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. तू एक वाक्य घाईत लिहिलंस, ‘बोट पडलं तरी’. पडतं ते बोट नाही, चढणारा; ते मी बरोबर वाचलं. तीच भीती मलाही आहे, मी फक्त तो शब्द लिहीत नव्हते.

काल संध्याकाळी दादा कामावरून आल्यावर त्याला गच्चीवर नेलं आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. पैलवानांपाशी तो हसला. मग म्हणाला, ‘म्हणजे आता तू मला भरवणार?’

मी म्हटलं, ‘भरवीन.’

‘आणि सव्वीस तारखेला कड्यावर कोण चढणार, आत्या?’

‘कुणीही चढू दे. तू नको.’

‘आनंदी, सगळ्यांची बोटं दुखतात. मंडळातल्या गुणवंतचं दुखतं, नीराचं दुखतं. दुखत नाही असा कातळावर चढणारा दाखव.’

‘त्यांचं दुखतं म्हणून ते थांबतात. तुझं मी दुखू देत नाही.’

यावर त्याने बोटावरची पट्टी चाचपली. मला वाटलं पटलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, ‘जयवंतरावांनी चार वर्षांत पहिल्यांदा मला पुढे घातलंय. आता बोट पुढे केलं तर पुन्हा कधी घालणार नाहीत. तू शपथ घेतली होतीस.’ मी म्हटलं, ती मी मोडली, आत्याला लिहिलं तेव्हाच. तो म्हणाला, ‘मग आणखी कुणाकडे मोडलीस तर माझ्याशी बोलू नकोस.’ खाली जाऊन त्याने कपाटातली, उगाळून ठेवलेल्या लेपाची डबी उचलली. मी नवा करणार नाही असं सांगितलं, तर म्हणाला, ‘सव्वीसपर्यंत एवढा पुरेल.’

त्याच्याकडे मी सोमवार रात्रीपर्यंतची मुदत मागितली. त्याने स्वतः जयवंतरावांना सांगावं, म्हणजे मला सांगावं लागणार नाही आणि त्याची मानही राहील. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. जयवंतराव, नीरा आणि बाकीचे सामान वर पोचवायला पावागडला गेलेत, सोमवारी रात्री परततील. कामावर सुट्टी नाही म्हणून दादा तेवढा इथे आहे.

मग मी तात्यांकडे गेले. झोपाळ्यावर बसले होते. कामटी का बांधत, एवढंच आधी विचारलं. म्हणाले, ‘सोवळ्यासाठी. मी लहानपणीच बाबांशी यावरून वाद घातला होता.’ मी विचारलं, ‘मग आजोबांनी काय उत्तर दिलं?’ तात्यांनी पायाने झोपाळा थांबवला. म्हणाले, ‘उत्तर दिलं नाही. हसले. मला वाटलं मी जिंकलो.’

तेव्हा मी सगळं सांगितलं. मांज्याचं, नीराचं, तुझ्या पत्राचं. तात्या रागावतील अशी तयारी केली होती. ते म्हणाले, ‘लेपाने आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही, आनंदी.’ मी म्हटलं, ‘तात्या, हे तुम्ही पाहिलंय की ऐकलंय?’ त्यांच्याशी असं मी कधी बोलले नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, ‘ऐकलंय.’ मग म्हणाले, ‘हेरंबला मी बोललो तर तो हट्टाने चढेल. त्याला मी ओळखतो. तू काय करणार आहेस?’ मला वाटलं होतं तात्या सांगतील काय करायचं. इतकी वर्षं तेच सांगत आले. आज त्यांनी विचारलं, आणि मला अधिकच भीती वाटली.

आज सकाळी दादा नाश्त्याला आला नाही. त्याच्या खोलीतून लवंगेचा वास येत होता.

मी स्वतःलाच बरेच प्रश्न विचारून झाले. कदाचित पट्टा उसवलेला नसेलच, नुसता ताणला असेल. कदाचित तो चढेल आणि झेंडा लावून हसत खाली येईल, आणि मी उगाच चारचौघांत भावाची मान खाली घालणारी बहीण ठरेन. असंही होऊ शकतं, हे मी स्वतःपासून लपवत नाही. पण हे खरं की ते, हे कड्यावरच कळणार, आणि तिथे कळून उपयोग नाही. त्याचं दुखणं मी झाकलं, ते उघडं करणं माझ्याकडेच आलं.

शब्द जुळवून ठेवलेत. नीराला ते गुजरातीत सांगावे लागतील, म्हणून दोनदा मोठ्याने म्हणून पाहिले. दादा तिथेच असेल, त्याच्यासमोर बोलेन, पाठीमागे नाही. पुढे तो माझ्याशी बोलला नाही तरी चालेल. न बोलायला तो घरात हवा.

तात्या बरोबर येतो म्हणाले. मी नको म्हटलं. मग वाटलं, येऊ देत.

दोर कुणी कुणाशी बांधायचा हे ठरवायला सगळे अकोट्याला जयवंतरावांच्या घरी जमणार आहेत. उद्या रात्रीपर्यंत दादाने स्वतः सांगितलं नाही, तर मी तिथे जाईन. मंगळवारी, २४ जानेवारीला.

तुझी,
आनंदी